करकोचे सरांचा कोंबडी-आकलन वर्ग

एका जंगलात, जिथे रस्ता अजून पोचला नव्हता पण शिकवणीचे वर्ग पोचले होते, करवंदाच्या एका मोठ्या जाळीखाली रानकोंबड्यांची वस्ती होती.

मुलांनो, नीट बसा. ही गोष्ट कोंबडा आणि कोंबडी यांचं कसं जमतं याबद्दल आहे. मागच्या बाकावर हसू फुटलेलं मला ऐकू येतंय. हसून घ्या. पुढे हसण्यासारखं आहेच, फक्त ते तुम्हाला वाटतंय ते नाही.

वस्तीत एक तरुण कोंबडा होता. तुरा शेंदरासारखा, म्हणून नाव शेंदऱ्या. त्याला ठिपकी नावाची कोंबडी आवडायची. ठिपकीच्या तपकिरी छातीवर पांढरे ठिपके होते आणि उगाच कुणाच्या मागे जायची तिला सवय नव्हती.

शेंदऱ्याला घाई होती. त्याला कारणही होतं. जाळीचा एक जुना नियम होता. ओढ्याकाठच्या पळसाची फुलं झडून संपेपर्यंत ज्या तरुण कोंबड्याची जोडी जमणार नाही, त्याने जाळी सोडून ओढ्यापलीकडे जायचं. पलीकडे रानबोका राहायचा. गेल्या वर्षी दोघे गेले. त्यांची पिसं वाऱ्याने अलीकडे आली, ते काही आले नाहीत.

हा नियम कोणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रानबोक्यानेच केला असावा, असं माझं मत आहे.

माघ लागला. पळस लालभडक झाला. शेंदऱ्या रोज फुलं मोजू लागला.

तो सोनाप्पाकडे गेला. सोनाप्पा हा जाळीतला सगळ्यात म्हातारा कोंबडा. एका पायाचं नख तुटलेलं, अंगावर मांस बेताचंच, शेपटीची पिसं विरळ झालेली. तरी चार कोंबड्या त्याच्या मागे असायच्या, आणि आनंदाने असायच्या.

"आजोबा," शेंदऱ्या म्हणाला, "तुम्हाला हे कसं जमतं?"

"काय जमतं?"

"कोंबड्या तुमच्याकडे येतात ते."

सोनाप्पा जमीन उकरत होता. त्याने मान वर केली नाही. "उकरायचं. किडा सापडला की खाली ठेवायचा. टुक टुक टुक अशी हाक मारायची आणि बाजूला व्हायचं. ती येते आणि खाते."

"मग?"

"मग पुन्हा उकरायचं."

"आणि आपण कधी खायचं?"

"उरलं तर."

शेंदऱ्याला हे काही पटलं नाही. "पण ते एक पंख खाली सोडून कोंबडीभोवती गोल फिरतात, ते कधी?"

"ते ठरवून होत नाही रे. ती पोटभर खाऊन समोर उभी राहिली की पंख आपसूक खाली येतो. तिला मान्य असेल तर ती खाली बसते. नसेल तर निघून जाते. गेली तर जाऊ द्यायचं. अंडी तिला घालायची आहेत, आपल्याला नाही."

शेंदऱ्या परत आला तो मनात खट्टू होऊन. इतकं सोपं असतं तर सगळ्यांनाच जमलं असतं, असं त्याला वाटलं. म्हातारा खरी गोष्ट लपवतोय, अशी त्याची खात्री झाली. मुलांनो, खरी गोष्ट सोपी असली की ती सांगणाऱ्यावर लोकांचा असाच संशय येतो. म्हणून मी तुम्हाला जरा लांबवून सांगतो आहे.

त्याच आठवड्यात तळ्यावर करकोचे सर उतरले.

करकोचे सर दर थंडीत परदेशातून यायचे. उंच, सडपातळ, लांब पायांचे. तीन पर्वत ओलांडून येणारा पक्षी काहीही बोलला तरी जंगलात त्याला मान होता. या वर्षी त्यांनी एक संशोधन हाती घेतलं होतं. विषय होता, कोंबडीला नेमकं काय आवडतं.

संशोधन नऊ दिवस चाललं. सर तळ्याच्या मध्यावर एका पायावर उभे राहून लांबून जाळीकडे बघायचे. जवळ जायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. जवळची जमीन काटेरी होती आणि त्यांचे तळवे नाजूक होते. पण ते कारण त्यांनी सांगितलं नाही. "जवळ गेलं की निरीक्षणात भावना मिसळतात," असं ते म्हणाले.

एका बेडकाने भीत भीत विचारलं, "सर, एखाद्या कोंबडीलाच विचारलं तर?"

"कोंबडीला स्वतःविषयी फारशी माहिती नसते," सर म्हणाले. "शिवाय ती आपल्याच बाजूने बोलणार."

मग त्यांनी त्या बेडकाला खाल्लं. संशोधनाशी त्याचा संबंध नव्हता, न्याहारीची वेळ झाली होती.

नऊ दिवसांत सरांनी सगळं टिपलं. सोनाप्पा मान खाली घालतो, वर करतो. टुक टुक करतो. कोंबडी धावत येते. तो पंख सोडतो, गोल फिरतो. कोंबडी खाली बसते. सगळं अगदी बरोबर टिपलं. फक्त तळ्याच्या मध्यावरून एक गोष्ट दिसत नव्हती. सोनाप्पाच्या चोचीतला किडा.

झालं. दहाव्या दिवशी 'कोंबडी-आकलन वर्ग' सुरू झाला.

तरुण कोंबड्यांची एकच झुंबड उडाली. शेंदऱ्याने पहिल्याच बॅचमध्ये नाव घातलं. फी साधीच होती. रोज सकाळी एक हुमणी. हुमणी म्हणजे मातीत सापडणारी ती पांढरी, गुबगुबीत अळी. एक हुमणी मिळवायची तर पायाची नखं झिजेपर्यंत उकरावं लागतं. पण शिक्षणासाठी कष्ट घ्यावेच लागतात, असं सर म्हणाले. त्यांना हुमणी फार आवडायची.

वर्गात चार पायऱ्या होत्या. पहिली, कंठध्वनी. टुक तीनदा म्हणायचं, दोनदा म्हटलं तर कोंबडीला उथळपणा जाणवतो. दुसरी, मान खाली-वर करणं. तिसरी, डाव्या पंखाचा उतार. चौथी, प्रदक्षिणा.

"आणि कोंबडी खाली बसते ती पाचवी का?" शेंदऱ्याने विचारलं.

"ती कोंबडीने करायची असते. ती आपल्या अभ्यासक्रमात नाही."

सगळ्यांनी ते पळसाच्या पानावर लिहून घेतलं.

वर्गाच्या तिसऱ्या दिवशी शेंदऱ्या ठिपकीसमोर उभा राहिला. तुरा झाडला, मान खाली घातली, वर केली आणि म्हणाला, "टुक टुक टुक."

ठिपकी धावत आली. सर खरंच मोठे होते.

ठिपकीने त्याच्या पायाजवळ पाहिलं. मग थोडं बाजूला पाहिलं. मग एका वाळक्या पानाखाली पाहिलं.

"कुठे आहे?"

"काय?"

"हाक मारलीस ना?"

"हो," म्हणून शेंदऱ्याने तिसरी पायरी घेतली. डावा पंख उतरवला, आणि गोल फिरायला लागला.

ठिपकीने त्याची अर्धी प्रदक्षिणा बघितली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आत्ता होता, पळाला." ठिपकीने मान हलवली. तिसऱ्या दिवशी तिने मान वळवून एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि जागची हलली नाही. चौथ्या दिवसापासून तिने बघणंही सोडलं.

हे एकट्या शेंदऱ्याचं नव्हतं. वर्गात शिकलेले सातही कोंबडे जाळीभर टुक टुक करत आणि पंख पाडत फिरत होते. पहाटेपासून गलका. माळावर कुणाच्या तरी लग्नाचं वऱ्हाड उतरलंय असं वाटावं. कोंबड्या पहिले दोन दिवस धावल्या, आणि मग एकेक करून बसल्या.

ठिपकीची भुरीमावशी म्हणाली, "पूर्वी या मेल्यांची हाक आली की काहीतरी पोटात पडायचं. आता नुसती तोंडाची वाफ. कानात कापूस घालावासा वाटतो."

शेंदऱ्याने सरांना जाऊन सांगितलं. सर विचारात पडले. एक पाय बदलला.

"ती येत नाही म्हणजे तुझा कंठध्वनी चुकतोय. दुसरा टुक नाभीतून आला पाहिजे. तुला उजळणी वर्ग लावावा लागेल. फी तीच, पण हुमणी मोठी आण."

शेंदऱ्याने उजळणी वर्ग लावला.

रोज सकाळी तो वारुळामागची जमीन उकरायचा, मोठ्यात मोठी हुमणी काढायचा, चोचीत धरून जाळीवरून चालत तळ्याकडे जायचा. बाकीचे सहाही तसेच. एकामागे एक, चोचीत हुमणी घेतलेल्या सात तरुणांची ती रांग रोज कोंबड्यांच्या समोरून जायची. आणि तासाभराने रिकाम्या चोचीने परत येऊन त्याच कोंबड्यांसमोर मान खाली-वर करायची.

मुलांनो, हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं असतं. पण तुम्ही हुशार आहात. त्या सात जणांपेक्षा तुम्हाला लवकर कळेल अशी मी आशा धरतो.

एकदा ठिपकीने त्याला वाटेत अडवलं.

"शेंदऱ्या, तू रोज सकाळी एवढी मोठी हुमणी घेऊन कुठे जातोस?"

त्याने हुमणी पायाखाली धरली आणि म्हणाला, "फी भरायला."

"कसली फी?"

"शिकतोय मी."

"काय शिकतोस?"

शेंदऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. तो लाजला. "तू माझ्याजवळ कशी येशील ते."

ठिपकी त्याच्याकडे बघत राहिली. मग हुमणीकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण ते इतकं उघड होतं की म्हणायची तिला लाज वाटली.

"शिक," ती म्हणाली, आणि निघून गेली.

फाल्गुन आला. पळसाची फुलं भराभर झडायला लागली. जाळीभोवतीची जमीन उकरून उकरून भुसभुशीत झाली होती, पण तिच्यात काही उरलं नव्हतं. जे होतं ते तळ्याकडे गेलं होतं. कोंबड्या दिवसभर उकरायच्या आणि अर्धपोटी झोपायच्या. पोटात काही नसेल तर अंडं येणार कुठून? त्या वर्षी जाळीत अंडी दिसेनात. सोनाप्पा तेवढा लांब डोंगरापर्यंत जाऊन वाळवी शोधून आणायचा, त्याच्या चौघींना घालायचा, आणि आणखी वाळायचा.

शेंदऱ्या पळसाकडे बघायचं टाळू लागला. एका सकाळी बघितलंच. तीन फुलं उरली होती.

त्या दिवशी उजळणी वर्गाचा शेवटचा तास होता. सर दुसऱ्या दिवशी परदेशी उडणार होते. शेंदऱ्याने अंधार असतानाच उकरायला सुरुवात केली आणि उन्हं वर आल्यावर त्याला एक हुमणी मिळाली. त्याच्या करंगळीएवढी. कोंबड्याला करंगळी नसते हे मला माहीत आहे, तुमच्या करंगळीएवढी म्हणा.

ती चोचीत धरून तो निघाला. त्याने स्वतः काल दुपारपासून काही खाल्लं नव्हतं.

जाळीच्या टोकाला ठिपकी उकरत होती. एकदा डाव्या पायाने, एकदा उजव्या. मग वाकून बघायची. काही नाही. मग पुन्हा. तिच्या छातीवरचे ठिपके पूर्वी गोल होते. आता ती इतकी बारीक झाली होती की ते लांबट दिसत होते.

शेंदऱ्या थांबला.

तळ्यावरून सरांचा आवाज आला. "उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही."

शेंदऱ्या दोन पावलं तळ्याकडे चालला. पुन्हा थांबला. त्याला वाईट वाटलं, साधं सरळ वाईट. आपली जोडी जमत नाही याचं नव्हे. ती उपाशी आहे याचं.

तो मागे फिरला. तिच्यासमोर गेला आणि त्याने हुमणी खाली ठेवली. पायऱ्या आठवल्या नाहीत. घशातून एकच टुक निघाला, तोही धड नाही. मग दोन पावलं मागे सरून तो मान पाडून उभा राहिला.

ठिपकी जागची हलली नाही. तिला यापूर्वी सात जणांनी फसवलं होतं आणि तिला सातही जणांची नावं पाठ होती.

"आहे," शेंदऱ्या म्हणाला. "या वेळी खरंच आहे. माझ्याजवळ नको येऊस. पण खा."

तिने एका डोळ्याने बघितलं. मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने बघितलं. मग आली आणि हुमणी खाल्ली. दोनदा चोच जमिनीला पुसली.

"आणखी आहेत?"

"वारुळामागे असतील. खोल उकरावं लागतं."

"चल."

सकाळभर त्याने उकरलं आणि तिने खाल्लं. दुपारी एक बारीकशी अळी उरली, ती त्याने खाल्ली. तळ्यावरचा तास केव्हा संपला हे त्याला कळलंही नाही. उन्हं उतरताना ठिपकी पोटभर खाऊन त्याच्यासमोर उभी राहिली, आणि शेंदऱ्याचा एक पंख आपसूक खाली आला. डावा की उजवा, ते त्याला आजही आठवत नाही. तो तिच्याभोवती फिरला. ती गेली नाही. ती खाली बसली.

पुढचं सगळं पटकन आटोपलं. कोंबड्यांचं ते तसंच असतं. मग ठिपकीने अंग झटकलं, शेंदऱ्यानेही झटकलं, आणि दोघं पुन्हा उकरायला लागले. मागच्या बाकावरच्यांनी आता हसलं तरी चालेल.

पण मुलांनो, तळ्याच्या मध्यावरून कुणीतरी हे बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप समारंभ झाला. सातही जणांना पानावर लिहिलेली प्रमाणपत्रं मिळाली. शेंदऱ्याच्या तुऱ्यात पळसाचं शेवटचं फूल खोचलं. मग सर बोलायला उभे राहिले. उभे ते होतेच, बोलायला लागले.

"काल मी एक नवं तंत्र पाहिलं," ते म्हणाले. "आमचा विद्यार्थी शेंदऱ्या कोंबडीसमोर गेला. मान खाली घातली. जवळजवळ मौन पाळलं. दोन पावलं मागे सरला. आणि अत्यंत दुःखी चेहऱ्याने उभा राहिला. कोंबडी आली. मित्रहो, आपण आजवर चुकत होतो. कोंबडीला हाक आवडत नाही. तिला दुःख आवडतं."

टाळ्या पडल्या. म्हणजे पंख फडफडले.

"शेंदऱ्या, यशाबद्दल दोन शब्द सांग."

शेंदऱ्या पुढे आला. "मी हुमणी," त्याने सुरुवात केली.

"हुमणी सगळ्यांनीच भरली होती," सर म्हणाले. "तू तंत्राबद्दल बोल."

शेंदऱ्याने सरांकडे बघितलं. समोर बसलेल्या सहा जणांकडे बघितलं. तुऱ्यात फूल होतं आणि ते छान वाटत होतं.

"सगळं सरांमुळे झालं," तो म्हणाला.

घरी येताना ठिपकी पुढे पुढे चालत होती. जाळीपाशी आल्यावर म्हणाली, "खरं का नाही सांगितलंस?"

"चार जणांत सरांना खोटं कसं पाडायचं?"

"आणि ते सहा जण?"

शेंदऱ्याने तुऱ्यातलं फूल सारखं केलं. त्या संध्याकाळी सहा कोंबडे ओढा ओलांडून गेले. सहाही जणांकडे प्रमाणपत्र होतं. मला हे सांगताना राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. रानबोक्यावर तर नाहीच. त्याने कुणाला काही शिकवलं नव्हतं.

पुढच्या थंडीत सर परत आले. नवा अभ्यासक्रम आला. दोन पावलं मागे सरणं आणि खिन्न मुद्रा. जाळीत सकाळपासून तरुण कोंबडे मान पाडून उलटे चालताना दिसायला लागले. एक जण तसाच मागे मागे जात ओढ्यात पडला. त्याला खास पारितोषिक मिळालं.

दोन वर्षं गेली. सोनाप्पा आता नव्हता. शेंदऱ्याच्या नखांची धार गेली होती आणि अंगावर मांस बेताचंच उरलं होतं. त्याचा थोरला मुलगा वयात आला. पळस लाल झाला. मुलगाही रोज फुलं मोजू लागला.

"बाबा," त्याने विचारलं, "आई तुमच्याजवळ कशी आली?"

शेंदऱ्या उकरत होता. तो थांबला आणि त्याने मुलाला जवळ बसवलं. अगदी मनापासून, एक शब्द न लपवता सांगितलं. "हुमणी मिळाली की तिच्यापुढे ठेवायची. बाजूला व्हायचं. तिला पोटभर खाऊ द्यायचं. बस."

मुलगा उठून उभा राहिला.

"सांगायचं नसेल तर राहू द्या," तो म्हणाला.

सकाळी त्याने वारुळामागची सगळ्यात मोठी हुमणी उकरून काढली आणि चोचीत धरून तळ्याकडे निघाला. वाटेत एक लहानशी भुरी कोंबडी उपाशीपोटी उकरत होती. त्याने तिच्याकडे बघितलं, पण तो थांबला नाही. तासाला उशीर होत होता.

ठिपकी म्हणाली, "अहो, त्याला अडवा ना. तुमचं ऐकेल."

"मी सोनाप्पा आजोबांचं ऐकलं होतं का?" शेंदऱ्या म्हणाला.

पण तरीही तो उठला. आणि पोराच्या मागे पळत सुटला, एका पायाने लंगडत, ओरडत. पोराने मागे वळून पाहिलं. बाप ओरडतोय, पंख पडलाय, चेहरा दुःखी आहे. पोराला आनंद झाला. बाबांनी शेवटी तंत्र दाखवलं, असं त्याला वाटलं. त्याने ते नीट बघून घेतलं, आणि पुढे चालायला लागला.

तात्पर्य: मुलांनो, कोणतीही गोष्ट जवळ जाऊन पाहू नये. जवळ गेलं की चोचीतला किडा दिसतो, आणि एकदा किडा दिसला की मग जन्मभर उकरत बसावं लागतं. लांब, पाण्यात, एका पायावर उभं राहावं. हुमण्या आपोआप चालत येतात.